पुढचे पाऊल आणि परतीची वाट : रुग्णालयीन संगणकप्रणालीचा एक अभ्यास

वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, शिबिरे, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यांना जागा मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या नोंदींवर हे सारे आकडे उभे असतात, त्या नोंदी सांभाळणाऱ्या व्यवस्थेविषयी वाचकांशी बोलण्याची संधी क्वचितच येते. आज आमच्या रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून रक्ततपासणीचा अहवाल, क्ष-किरण चित्रे, औषधसाठा आणि अंतिम बिलापर्यंत बहुतेक कामे संगणकावर होतात. ही यंत्रणा हितचिंतकांच्या साहाय्यातून उभी राहिली आहे. ती कशी सांभाळली जाते, हे जाणून घेण्याचा त्यांना अधिकार आहे, असे आम्हांस वाटते.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. संगणकप्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यावर ती त्रासदायक ठरली, तर जुन्या आवृत्तीकडे परत कसे यावे, केव्हा यावे आणि परत येताना रुग्णाचे अहित होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. संगणकक्षेत्रात यास ‘रोलबॅक’ म्हणतात. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, बिलिंग विभागातील कर्मचारी आणि डॉक्टर या सर्वांचा त्यात वाटा असतो. म्हणून हा पाठ आम्ही सर्वांसाठी लिहिला आहे.

१. सुधारणा का टाळता येत नाही?

‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?’ हा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर इंग्लंडमधील एका घटनेत सापडते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज प्रणालीतील एक गंभीर त्रुटी दूर करणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. ज्या संगणकांवर ती दुरुस्ती बसवलेली नव्हती, ते त्याला बळी पडले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील एक तृतीयांशाहून अधिक रुग्णालय ट्रस्टना या हल्ल्याची झळ पोहोचली आणि अंदाजे १९ हजार रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्याचे पुढे सांगण्यात आले. बाधित झालेल्या संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ वर चालणारे आणि दुरुस्ती न बसवलेले होते.

याचा अर्थ असा की, जागच्या जागी उभे राहणे हादेखील एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य संपले. त्यामुळे असंख्य संस्थांना नव्या आवृत्तीकडे जाणे भाग पडले आहे. सुधारणा टाळण्याचा मार्ग आपल्यापुढे नाही. सुधारणा बिघडली तर परत येण्याचा मार्ग आधीच मोकळा ठेवणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

२. सुधारणाच अपाय करते तेव्हा

संरक्षणासाठी आलेली सुधारणाच संकट ठरल्याची दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण २१ एप्रिल २०१० चे. मॅकअ‍ॅफी या कंपनीच्या विषाणुप्रतिबंधक प्रणालीने त्या दिवशी आलेल्या नव्या यादीच्या आधारे विंडोज एक्सपीतील एका अत्यावश्यक फाइललाच विषाणू ठरवले. ती फाइल बाजूला काढली जाताच संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील काही रुग्णालयांना नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि तातडीच्या विभागात गंभीर जखमींखेरीज इतर रुग्णांना घेणे काही काळ थांबवावे लागले.

दुसरे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक लहानशी माहिती-फाइल जगभरातील ग्राहकांच्या संगणकांवर पाठवली. त्या फाइलमध्ये २१ घटकांची अपेक्षा होती; परंतु संगणकावर आधीपासून असलेली आज्ञावली २० घटकच पुरवत होती. एकविसावा घटक शोधताना आज्ञावली नेमून दिलेल्या स्मृतिकक्षाच्या बाहेर गेली आणि संपूर्ण संगणक कोलमडला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. जर्मनीतील कील आणि ल्यूबेक येथील विद्यापीठ रुग्णालयांनी नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. इंग्लंडमध्ये अनेक कुटुंबवैद्यांना कागदावर नोंदी कराव्या लागल्या. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

या घटनेतील सर्वांत बोधप्रद भाग पुढेच आहे. कंपनीने ती फाइल अवघ्या ७८ मिनिटांत, म्हणजे १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. कंपनीच्या बाजूने परतण्याची क्रिया पूर्ण झाली होती. परंतु जो संगणक सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत ती माघार पोहोचणार कशी? अशा बहुतेक संगणकांसमोर माणसाला स्वतः जाऊन बसावे लागले. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती सदोष फाइल हाताने काढून टाकावी लागली. ज्या संगणकांची डिस्क कुलूपबंद होती, तेथे आधी त्या कुलपाची किल्ली, म्हणजे लांबलचक अंकांचा संकेतांक, शोधावा लागला. ज्या संस्थांनी हे संकेतांक बंद पडलेल्या सर्व्हरवरच ठेवले होते, त्यांची अडचण दुप्पट झाली.

आम्ही यावरून एक साधा नियम घेतला आहे. परतीची साधने ज्या यंत्रावर बिघाड संभवतो त्याच यंत्रावर ठेवू नयेत. आमच्या सर्व संगणकांचे पुनर्प्राप्ती संकेतांक छापून, मोहोरबंद लिफाफ्यात, वैद्यकीय अधीक्षकांच्या कपाटात ठेवलेले आहेत.

३. परत येणे म्हणजे नेमके काय?

‘जुनी आवृत्ती परत बसवा’ हे वाक्य बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टी परत न्याव्या लागतात आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक अडचणींचे मूळ असते.

पहिली गोष्ट म्हणजे आज्ञावली, अर्थात काम करणारा प्रोग्रॅम. ही परत बसवणे तुलनेने सोपे. दुसरी गोष्ट म्हणजे मांडणी : प्रिंटरची जोडणी, प्रत्येक कर्मचाऱ्याचे अधिकार, तपासण्यांचे दर, संदर्भमर्यादा इत्यादी. नवी आवृत्ती यांत काही बदल करते आणि जुनी आवृत्ती परत आली म्हणून ते आपोआप पुसले जातातच असे नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माहिती, म्हणजेच रुग्णांच्या नोंदी.

नवी आवृत्ती पुष्कळदा माहिती साठवण्याच्या कप्प्यांची रचनाच बदलते. पूर्वी एका रकान्यात असलेली बाब दोन रकान्यांत विभागली जाते. जुन्या आज्ञावलीला ही नवी रचना वाचता येत नाही. अशा वेळी जुन्या आज्ञावलीबरोबर जुनी माहितीही, म्हणजे सुधारणेपूर्वी घेतलेला बॅकअपही, परत आणावा लागतो. आणि बॅकअप घेतल्यापासून परतण्याच्या क्षणापर्यंत ज्या नोंदी झाल्या, त्या त्यात नसतात. सुधारणा होऊन जितके तास उलटतात, तितकी ही दरी रुंदावते. रुग्णालयात एका तासात नोंदणी होते, रक्त घेतले जाते, औषध दिले जाते, एखादे बाळ जन्माला येते. यांपैकी एकही नोंद गमावणे आम्हांस परवडणारे नाही.

काही प्रणालींत परतीचा काळही ठरलेला असतो. विंडोज १० किंवा ११ ची मोठी सुधारणा बसवल्यावर मागील आवृत्तीकडे जाण्याची सोय सामान्यतः १० दिवस राहते. त्यानंतर जुन्या आवृत्तीचे जपून ठेवलेले अवशेष पुसले जातात. शिवाय परतल्याने सर्वच हानी भरून येते असेही नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज १० च्या सुधारणेत काही वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फाइलच नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ती थांबवली आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबर रोजी पुन्हा प्रसिद्ध केली. परंतु पुसलेली फाइल केवळ आवृत्ती मागे नेऊन परत येत नाही. त्यासाठी स्वतंत्र बॅकअपच लागतो.

४. घाईची माघार

बिघाड दिसताच मागे फिरावे, हा सल्ला सामान्यतः योग्य आहे. परंतु कारण न समजता मागे फिरल्याने हानी वाढल्याचे उदाहरणही आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने आठ सर्व्हरवर नवी आज्ञावली बसवायची ठरवली. प्रत्यक्षात ती सातच सर्व्हरवर बसली. आठव्या सर्व्हरवर अनेक वर्षे न वापरलेली जुनी आज्ञावली तशीच राहिली होती. बाजार उघडताच ती जागी झाली आणि चुकीचे सौदे धडाधड करू लागली.

दोष नव्या आज्ञावलीत असावा, असे समजून कंपनीने सात सर्व्हरवरील नवी आज्ञावली काढून टाकली. परिणामी जी चूक एका सर्व्हरवर होत होती, ती आठही सर्व्हरवर होऊ लागली. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. तेथील नियामकांच्या चौकशीत हा क्रम स्पष्टपणे नोंदला गेला आहे.

शेअर बाजारात पैसा गेला. रुग्णालयात त्याहून मोलाचे काही जाऊ शकते. म्हणून परतण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. अपाय करणारे काम तत्काळ थांबवावे, आणि मग शांतपणे पाहावे की दोष नेमका कोठे आहे. थांबणे आणि परतणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. थांबण्यास विलंब नको. परतण्यास घाई नको.

५. आमच्या प्रयोगशाळेतील अनुभव

आता आमच्याच प्रयोगशाळेतील एका प्रसंगाकडे वळतो. प्रयोगशाळेच्या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती पुरवठादाराने एका रात्री दहा वाजता, बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर बसवली. त्यापूर्वी पूर्ण बॅकअप घेण्यात आला होता. बदलांच्या यादीत अहवालाची नवी छपाई आणि वेगवान शोध यांचा उल्लेख होता. सकाळी काम सुरळीत सुरू झाले. अहवाल पूर्वीपेक्षा लवकर निघत होते आणि छपाईही नेटकी होती.

सकाळी साडेअकराच्या सुमारास नवजात शिशु कक्षातील सिस्टरनी प्रयोगशाळेस दूरध्वनी केला. दोन दिवसांच्या एका मुलीचे हिमोग्लोबिन १२.६ आले होते आणि अहवालात त्यापुढे कोणतीही खूण नव्हती. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत हा आकडा सर्वसामान्य मर्यादेत बसतो. परंतु दोन दिवसांच्या बाळाचे हिमोग्लोबिन साधारणतः १४ हून अधिक अपेक्षित असते. ‘एवढ्या कमी आकड्यापुढे तारका कशी नाही?’ एवढाच सिस्टरांचा प्रश्न होता.

तंत्रज्ञांनी भिंतीवरील छापील तक्ता आणि अहवाल शेजारी ठेवून पाहिले. आकडा बरोबर होता. त्याशेजारची संदर्भमर्यादा प्रौढ स्त्रीची होती. नवी आवृत्ती वय पूर्ण वर्षांत मोजत होती. एक वर्षाखालील बाळाचे वय ‘शून्य’ आले की, वय भरलेलेच नाही असे समजून ती प्रौढांची मर्यादा लावत होती. म्हणजे यंत्र अचूक होते, तपासणी अचूक होती, तरी अहवाल वाचणाऱ्याची दिशाभूल होत होती. बंद पडलेला संगणक निदान आपण बंद असल्याचे सांगतो. येथे तसे काहीच दिसत नव्हते.

पॅथॉलॉजिस्ट, वैद्यकीय अधीक्षक आणि नोंदणी विभाग यांनी तेथेच उभ्या उभ्या तीन प्रश्नांचा विचार केला. मोजलेले आकडे विश्वसनीय आहेत काय? सदोष अहवाल किती जणांच्या हाती गेले आहेत? आणि मागे फिरल्यास कोणत्या नोंदी गमवाव्या लागतील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक होते, कारण तपासणी-यंत्रांतील मूळ आकडे अहवालांशी जुळत होते. दुसऱ्यासाठी त्या रात्रीपासून दिलेल्या सर्व लहान मुलांच्या अहवालांची यादी काढण्यात आली. प्रत्येक कक्षास दूरध्वनी करून ते अहवाल परत मागवले, पॅथॉलॉजिस्टनी ते एकेक करून पाहिले आणि योग्य मर्यादा हाताने लिहून, स्वाक्षरी करून पुन्हा दिले. बाह्यरुग्ण विभागातून घरी गेलेल्या बालकांच्या पालकांना त्यांच्या नोंदवलेल्या क्रमांकावर कळवण्यात आले. त्या नवजात मुलीची पुन्हा तपासणी होऊन बालरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी उपचार सुरू केले. संगणकाचे काम त्यानंतरचे.

तिसरा प्रश्न अवघड होता. नव्या आवृत्तीने वयाचा एक रकाना दोन रकान्यांत विभागला होता. त्यामुळे नवी माहिती जुन्या आवृत्तीला वाचता येणार नव्हती. पुरवठादाराने दुरुस्ती लवकर पाठवण्याचे आश्वासन दिले, परंतु दिवस सांगता येत नव्हता. प्रौढांचे काम चालू ठेवून बालकांचे अहवाल हाताने लिहावेत, असाही एक पर्याय होता. पॅथॉलॉजिस्टनी तो नाकारला. वयाची गणना जेथे बिघडली आहे, तेथे गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्या मर्यादा निश्चित बरोबर आहेत असे कोण म्हणणार, हा त्यांचा मुद्दा सर्वांना पटला. दुपारी मागील आवृत्तीकडे परतण्याचा निर्णय झाला.

प्रथम नव्या आवृत्तीतील सर्व माहितीची एक प्रत काढून वेगळी ठेवली. ती पुसली असती तर त्या सकाळी कोणाला कोणता अहवाल गेला, याचा पुरावाच उरला नसता. नंतर जुनी आज्ञावली आणि आदल्या रात्रीचा बॅकअप परत बसवण्यात आला. मधल्या सुमारे सोळा तासांतील नोंदी प्रयोगशाळेच्या हस्तलिखित रजिस्टरवरून आणि तपासणी-यंत्रांच्या स्वतःच्या स्मृतीतून पुन्हा भरण्यात आल्या. एकाने वाचायचे, दुसऱ्याने टंकलिखित करायचे, तिसऱ्याने यंत्रातील आकड्याशी पडताळायचे, असे काम रात्री उशिरापर्यंत चालले.

यात एक धोका असा होता की, जो पहिल्या दृष्टीस दिसत नाही. जुना बॅकअप परत आला की नमुन्यांचे अनुक्रमांकही आदल्या रात्रीच्या जागी जातात. प्रणाली पुढच्या रुग्णाला जो क्रमांक देईल, तो सकाळीच दुसऱ्या रुग्णाच्या नळीवर चिकटवलेला असू शकतो. एकाच क्रमांकाच्या दोन नळ्या म्हणजे एकाचा अहवाल दुसऱ्याच्या हाती. हे टाळण्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी अनुक्रमांक मुद्दाम बराच पुढे नेऊन ठेवला आणि मधले क्रमांक फक्त पुनर्नोंदणीसाठी राखून ठेवले. पावत्यांच्या क्रमांकांबाबतही हीच दक्षता घेतली. धर्मादाय रुग्णालय म्हणून एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करणे आमच्यावर बंधनकारक आहे. त्या निधीतून ज्यांचे बिल भागवले जाते, अशा रुग्णाची एखादी नोंद निसटली तर त्याचा हक्कच कागदावरून पुसला जातो. म्हणून लेखा विभागाने त्या दिवसाचा हिशेब पावतीपुस्तकाशी स्वतंत्रपणे जुळवून पाहिला.

पुरवठादाराने काही आठवड्यांनी दुरुस्त आवृत्ती दिली. ती एका वेगळ्या संगणकावर तपासून, पॅथॉलॉजिस्टच्या लेखी संमतीनंतरच स्वीकारली गेली.

६. या अभ्यासातून निघालेला क्रम

वरील सर्व उदाहरणांचा विचार करून आम्ही पुढील क्रम निश्चित केला आहे. अन्य लहान-मोठ्या रुग्णालयांनाही तो उपयुक्त वाटेल अशी आशा आहे.

एक. सुधारणेपूर्वी बॅकअप घ्यावा आणि तो वेगळ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप हा केवळ विश्वास असतो, पुरावा नव्हे.

दोन. जुन्या आवृत्तीची मूळ प्रत, तिचा परवाना-क्रमांक आणि मांडणीची छापील नोंद आपल्याजवळ असावी. पुरवठादाराबरोबरच्या करारात ‘मागील आवृत्ती पुन्हा बसवून देणे’ हे कलम लेखी असावे.

तीन. नवी आवृत्ती मागील रचना वाचू शकते का, आणि जुनी आवृत्ती नवी रचना वाचू शकेल का, हे दोन्ही प्रश्न पुरवठादारास आधीच विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर परतीचा निर्णय किती तासांत घ्यावा लागेल हे आधीच ठरवावे.

चार. नवी आवृत्ती कल्पित रुग्णांच्या ठरावीक यादीवर तपासावी. आमच्या यादीत दोन दिवसांचे बाळ, सहा महिन्यांचे बालक, आठ वर्षांचा मुलगा, गरोदर स्त्री आणि ८० वर्षांचे गृहस्थ आहेत. एकाच नावाचे दोन रुग्ण आणि वय माहीत नसलेला बेशुद्ध रुग्णही त्यात आहेत.

पाच. सुधारणा सर्व विभागांत एकाच वेळी करू नये. आधी एक संगणक, मग एक विभाग, मग उरलेले. क्राउडस्ट्राइकनेही २०२४ च्या घटनेनंतर अशा फाइल टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत स्वीकारली.

सहा. थांबवण्याचा अधिकार सर्वांना असावा. परतण्याचा निर्णय ठरावीक व्यक्तींनी घ्यावा. कक्षातील सिस्टर किंवा तंत्रज्ञ यांना शंका आली, तर अहवाल रोखून धरण्यासाठी त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नसावी. शंका निराधार ठरली तरी त्यांना कोणी बोल लावू नये.

सात. सुधारणेनंतरचे पहिले काही दिवस हस्तलिखित रजिस्टर न चुकता भरावे. परतीच्या वेळी मधली दरी भरून काढणारा तोच एक भरवशाचा दस्तऐवज असतो.

आठ. परतल्यावर अनुक्रमांक, अधिकार, दर आणि संदर्भमर्यादा या चार बाबी तपासल्याखेरीज काम सुरू करू नये. ज्या रुग्णांना मधल्या काळात अहवाल गेले, त्यांचा शोध हा परतण्याच्या कामाचाच भाग मानावा.

नऊ. जुन्या आवृत्तीवर कायमचा मुक्काम करू नये. परतलो म्हणजे ज्या त्रुटीसाठी सुधारणा आली होती, ती त्रुटी पुन्हा उघडी पडली. तोपर्यंत त्या संगणकाचा बाहेरच्या जाळ्याशी संबंध शक्य तितका कमी ठेवावा आणि पुढच्या सुधारणेची तारीख लिहून ठेवावी.

७. वैद्यकीय उपकरणांविषयी सावधगिरी

वरील क्रम नोंदणी, बिल आणि प्रयोगशाळेच्या प्रणालींसाठी आहे. व्हेंटिलेटर, सी.टी. स्कॅन, सलाइनचे पंप यांसारख्या उपकरणांतील आज्ञावलीस तो जसाच्या तसा लागू करू नये. भारतात १ एप्रिल २०२० पासून आज्ञावलीचाही समावेश वैद्यकीय उपकरणांच्या कायदेशीर व्याख्येत झाला आहे. अशा उपकरणाची आवृत्ती पुढे नेणे किंवा मागे आणणे हे उत्पादकाच्या अधिकृत अभियंत्याचेच काम आहे. त्याने काम केल्यावर उपकरणाची मोजणी पुन्हा प्रमाणित झाली आहे हे पाहिल्याखेरीज ते रुग्णास लावू नये. आमच्या हाती एवढेच असते की, शंका येताच ते उपकरण बाजूला काढणे, त्यावर ठळक चिठ्ठी लावणे आणि पर्यायी उपकरण तयार ठेवणे.

८. समारोप

या साऱ्या तयारीला खर्च येतो, हे आम्ही जाणतो. चाचणीसाठी एक जादा संगणक, बॅकअपसाठी दुसऱ्या इमारतीत ठेवलेली डिस्क, रजिस्टर लिहिण्यासाठी माणसांचा वेळ, यांपैकी काहीही रुग्णाच्या नजरेस पडत नाही. नवे यंत्र आले की त्याचे उद्घाटन होते. जुन्या आवृत्तीची प्रत कपाटात जपून ठेवल्याबद्दल कोणी नारळ फोडत नाही. तरीही विश्वस्त मंडळाने या खर्चास मान्यता दिली आणि देणगीदारांनी त्यास हातभार लावला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

संगणकाने रुग्णसेवेत वेग आणला, अचूकताही आणली. परंतु अहवालावरचा आकडा आणि पाळण्यातले बाळ या दोहोंकडे एकाच वेळी पाहण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते. आमच्या सिस्टरनी केलेला तो एक दूरध्वनी हा या संपूर्ण अभ्यासाचा पाया आहे. सर्व कक्षांतील, प्रयोगशाळेतील आणि कार्यालयातील सहकाऱ्यांनी हा पाठ वाचावा आणि आपल्या विभागाची परतीची वाट कशी असेल, याचा लेखी आराखडा येत्या तिमाहीत सादर करावा, अशी विनंती आहे. वाचकांच्या सूचनांचेही आम्ही मनःपूर्वक स्वागत करू.